झोपलेला लॅपटॉप आणि जागे न होणारे कार्ड

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल मागे टाकले की थोड्याच वेळात शिरढोण लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. त्यांचे जन्मस्थान पाहण्यासाठी आणि तसेच पुढे कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्षी टिपण्यासाठी गळ्यात कॅमेरे अडकवून येणाऱ्यांची सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर वाण नसते. अशा एखाद्या हौशी छायाचित्रकाराची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. पहाटेपासून झाडाखाली ताटकळून स्वर्गीय नर्तकाची चार-दोन छायाचित्रे पदरात पडली आहेत. परतीच्या वाटेवर शिरढोणला चहासाठी थांबल्यावर कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड लॅपटॉपच्या खाचेत जाते. निम्मी छायाचित्रे उतरवून होतात तोच चहा येतो आणि लॅपटॉपचे झाकण मिटले जाते.

झाकण मिटले की लॅपटॉप बंद होत नाही, तो झोपी जातो. अर्ध्या तासाने झाकण उघडले की पडदा उजळतो, उघडी ठेवलेली खिडकी जागच्या जागी असते, पण कार्डाचा मात्र पत्ता नसतो. किंवा त्याहूनही वाईट घडते. कार्ड दिसते, आतले फोल्डरही दिसते, पण फायलींच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उभी असते. मग कार्ड नकली निघाले म्हणून दुकानदाराचा उद्धार होतो. नकली कार्डे बाजारात आहेत हे खरेच; पण पुष्कळदा कार्ड निर्दोष असते, लॅपटॉपही निर्दोष असतो. चूक होते ती या दोघांमधल्या दुभाष्याची. संगणकाच्या परिभाषेत या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट उपकरणाची भाषा जाणणारा छोटासा प्रोग्रॅम. संगणकाची मुख्य यंत्रणा, मग ती विंडोज असो वा लिनक्स, ‘अमुक फाइल वाच’ एवढेच सांगते. ती आज्ञा कार्डाला कळेल अशा विजेच्या इशाऱ्यांत उतरवणे आणि कार्डाचे उत्तर परत आणून देणे हे ड्रायव्हरचे काम. संगणक जागा असताना हे काम तुलनेने सरळ असते. खरी कसोटी लागते ती झोपेतून उठताना.

संगणकाच्या झोपेचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत परिचित प्रकारात मुख्य स्मृतीला, म्हणजे रॅमला, तेवढा वीजपुरवठा चालू राहतो आणि बाकी जवळजवळ सारे बंद होते. त्याहून गाढ झोपेत, म्हणजे हायबरनेशनमध्ये, रॅममधला सगळा मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून संगणक पूर्णपणे बंद केला जातो. प्रकार कोणताही असला तरी जागे झाल्यावर संगणकाला सगळे आठवत असते: कोणती फाइल उघडी होती, कोणते कार्ड जोडलेले होते, त्या कार्डावर कोणता मजकूर कुठे होता. कार्डाला मात्र यातले काहीही आठवत नाही. घोळाचे मूळ नेमके इथेच आहे.

नखाएवढे एसडी कार्ड ही केवळ मजकूर साठवण्याची पेटी नव्हे. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये या कार्डाची घोषणा केली, तेव्हापासून त्याच्या पोटात मजकूर साठवणाऱ्या चिपबरोबर तिच्यावर देखरेख करणारा एक छोटा नियंत्रकही असतो. संगणकाशी संवाद सुरू झाला की हा नियंत्रक काही गोष्टी ठरवून घेतो. आपला पत्ता काय, किती तारांवरून बोलायचे, कोणत्या वेगाने आणि किती व्होल्टवर बोलायचे, हे सारे वीज असेपर्यंतच लक्षात राहते. वीज गेली की छायाचित्रे शाबूत राहतात, पण हा ठराव पुसला जातो. जागा झालेला ड्रायव्हर जुन्याच ओळखीवर विसंबून कार्डाला त्याच्या जुन्या पत्त्यावर हाक मारतो आणि पलीकडून ओ येत नाही.

म्हणून शहाण्या ड्रायव्हरला दर वेळी सगळे नव्याने करावे लागते. वीज दिल्यावर आधी घड्याळाचे किमान ७४ ठोके द्यायचे. त्यानंतरच पहिली आज्ञा. सुरुवातीचा वेग जास्तीत जास्त ४०० किलोहर्ट्झ, म्हणजे पुढच्या कामाच्या मानाने मुंगीच्या पावलांचा. शून्य क्रमांकाची आज्ञा कार्डाला मूळपदावर आणते. आठव्या आज्ञेने ते कोणत्या पिढीचे आहे आणि किती व्होल्टवर चालते हे कळते. मग ‘तयार आहेस का?’ असे पुन्हा पुन्हा विचारत राहायचे. काही कार्डे या तयारीला जवळजवळ एक सेकंद घेतात. ते तयार झाले की त्याचा ओळख क्रमांक वाचायचा, त्याच्याकडून नवा पत्ता घ्यायचा, चार तारांवर बोलायचे ठरवायचे आणि मगच वेग वाढवायचा. यातली एक पायरी गाळली किंवा घाई केली तर कार्ड मौन धरते.

एवढ्यावर निभावले असते तर प्रश्न सोपा होता. अडचण अशी की झोपेत कार्डाची वीज खरोखर गेली होती की नाही, हेच पुष्कळदा ड्रायव्हरला ठाऊक नसते. काही लॅपटॉप खाचेचा पुरवठा तोडतात, काही तोडत नाहीत, काही अर्धवट तोडतात. त्यातून उद्भवणारा एक प्रकार तर मासलेवाईक आहे. वेगवान कार्डे ३.३ व्होल्टवर संवाद सुरू करतात आणि ओळखपाळख झाली की अधिक वेगासाठी १.८ व्होल्टच्या इशाऱ्यांवर येतात. ही वाट एकेरी आहे. एकदा १.८ वर गेलेले कार्ड कोणत्याही आज्ञेने ३.३ वर परत येत नाही. त्यासाठी त्याची वीज तोडावीच लागते. आता संगणक झोपला, पण कार्डाची वीज चालूच राहिली अशी कल्पना करावी. जागा झालेला संगणक नव्या उमेदीने ३.३ व्होल्टवर विचारपूस सुरू करतो, कार्ड १.८ वरच कान लावून बसलेले असते. दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि तरी संवाद शून्य.

उपाय उघड आहे: वीज पूर्ण तोडून पुन्हा द्यायची. पण ‘पूर्ण’ या शब्दाला इथे फार वजन आहे. पुरवठा बंद केला तरी खाचेजवळच्या कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार लगेच ओसरत नाही. पंखा बंद केल्यावर पाती काही वेळ फिरत राहावीत तसे व्होल्टेज हळूहळू उतरते. एसडीच्या मानकानुसार ते ०.५ व्होल्टच्या खाली जाऊन किमान एक मिलिसेकंद तिथे राहायला हवे; तरच कार्ड खरोखर बंद झाले असे मानता येते. एक मिलिसेकंद थांबायला सांगणारी ओळ ड्रायव्हरमध्ये लिहिणे कोणालाही जमेल. मात्र एखाद्या विशिष्ट लॅपटॉपच्या सर्किटमध्ये तो भार ओसरायला त्याहून अधिक वेळ लागतो, हे ती ओळ लिहिणाऱ्याला कुठून कळणार? ज्याच्या टेबलावर नेमका तोच लॅपटॉप आहे त्याची तक्रार येईपर्यंत हा दोष झाकलेलाच राहतो.

क्रमाचाही प्रश्न आहे. संगणकातली उपकरणे एकमेकांच्या आधाराने उभी असतात: कार्ड खाचेच्या नियंत्रकावर, तो नियंत्रक मुख्य मार्गिकेवर, त्याचा वीजपुरवठा आणखी एखाद्या चिपवर. झोपताना लेकरे आधी आणि वडीलधारी नंतर. उठताना नेमके उलट. लिनक्सचा गाभा हा क्रम पाळतो, पण सगळी नाती त्याला माहीत असतीलच असे नाही. मोबाइलसारख्या यंत्रांत वीज सोडणारी चिप निराळ्याच तारेवर बसलेली असते. ती तार जागी होण्यापूर्वी कार्डाच्या ड्रायव्हरने वीज मागितली तर मागणी फुकट जाते. शिवाय कार्ड आत-बाहेर झाल्याची वर्दी देणारे खाचेतले बटण झोपेच्या काळात दाबले गेले, तर ती वर्दी हवेत विरते. म्हणून उठल्यावर वर्दीची वाट न पाहता खाचेत डोकावून पाहणे ड्रायव्हरला भाग असते.

हेच ते कार्ड का?

इथवर सांगितलेल्या अडचणींत फार तर कार्ड दिसेनासे होते. ते काढून पुन्हा घातले की काम भागते. खरा धोका कार्ड व्यवस्थित जागे होते तेव्हाचा आहे.

कार्डावरचा मजकूर कुठे आहे याची एक सूची कार्डावरच असते. कॅमेऱ्याच्या कार्डांवर ती बहुधा फॅट या जुन्या पद्धतीची किंवा तिच्या एक्सफॅट या नव्या अवताराची असते. वेग वाढावा म्हणून संगणक या सूचीचा भाग आपल्या रॅममध्ये उतरवून घेतो आणि कामापुरता तोच प्रमाण मानतो. आता शिरढोणच्या त्या टपरीवर परत जावे. लॅपटॉप झोपलेला असताना समोरच्या झाडावर एखादा पक्षी येऊन बसतो. छायाचित्रकार घाईघाईने कार्ड काढतो, कॅमेऱ्यात घालतो, दहा छायाचित्रे काढतो आणि कार्ड पुन्हा लॅपटॉपमध्ये ठेवतो. झाकण उघडल्यावर ड्रायव्हर विचारतो, हेच ते कार्ड का? प्रत्येक एसडी कार्डावर १२८ बिटांची ओळख कोरलेली असते. निर्मात्याचा क्रमांक, उत्पादनाचे नाव, अनुक्रमांक, निर्मितीचा महिना आणि वर्ष हे सगळे त्यात येते. ओळख जुळते. कार्ड तेच असते, पण त्यावरची सूची आता बदललेली असते. संगणकाच्या रॅममध्ये मात्र अर्ध्या तासापूर्वीची सूची आहे आणि तिच्यानुसार त्या दहा छायाचित्रांची जागा रिकामी आहे. यानंतर संगणकाने कार्डावर काहीही लिहिले की नवी छायाचित्रे गाडली जातात, आणि जुनी सूची नव्या सूचीवर लिहिली गेली तर कार्डावरच्या इतर फायलीही गोत्यात येतात.

या पेचावर लिनक्सच्या जगात बराच खल झाला. एक मत असे की झोपताना कार्ड काढून घेतले असे समजावे आणि जागे झाल्यावर नवे कार्ड आले म्हणून पहिल्यापासून वाचावे. यात मजकूर सुरक्षित राहतो, पण उघड्या फायलींचे धागे तुटतात. कार्डावरून चालणारे गाणे थांबते आणि चालू असलेला प्रोग्रॅम कोलमडतो. दुसरे मत असे की कार्ड खाचेतच राहिले असे गृहीत धरावे आणि काम पुढे चालू ठेवावे. एसडी कार्डांच्या ड्रायव्हरची धुरा तेव्हा पिअर ऑसमन यांच्याकडे होती. २००७ च्या सुमारास गाभ्यात आलेल्या पर्यायाने ही निवड यंत्र घडवणाऱ्यावर सोपवली. पर्यायाच्या नावातच ‘अनसेफ’ म्हणजे असुरक्षित हा शब्द होता आणि सोबत मजकूर बिघडण्याचा स्पष्ट इशाराही. यूएसबीच्या बाबतीत ॲलन स्टर्न यांनी अशाच सोयीचे टिपण लिहिले, त्यातही धोक्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्याच गळ्यात घातली आहे. तिथे तर पेच आणखी एका पायरीने अवघड होतो. अनेक लॅपटॉपमधला कार्डवाचक आतल्या आत यूएसबीनेच जोडलेला असतो. अशा वेळी संगणक वाचक तोच आहे एवढे पडताळू शकतो. वाचकात बसलेले कार्ड बदलले का, हे त्या पडताळणीत कळत नाही.

कार्ड काढल्याचे समजावे हे ‘सुरक्षित’ मतही म्हणावे तितके निर्धोक नव्हते. झोपण्यापूर्वी लिनक्स सगळे प्रोग्रॅम गोठवते. कार्ड हटवायचे म्हणजे त्यावरचे अर्धे राहिलेले लिखाण आधी निकालात काढायला हवे आणि ते ज्याने करायचे तोच गोठलेला. ड्रायव्हर त्याची वाट पाहतो, तो जागे होण्याची वाट पाहतो, आणि संगणक ना झोपतो ना उठतो. २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीत कार्ड हटवण्याचे काम गोठवण्याच्या आधी उरकण्याची व्यवस्था झाली आणि झोपेच्या काळात नव्या कार्डाचा शोध थांबवण्यात आला. वाचायला किरकोळ वाटणारी ही दुरुस्ती होईपर्यंत झाकण मिटल्यावर लॅपटॉप थिजण्याचे कारण अनेकांना उमगत नव्हते.

रायगडातल्या शाळेपासून गाभ्यापर्यंत

या साऱ्याचा एक धागा रायगड जिल्ह्यातच येऊन पोहोचतो. पनवेलच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या पहिली ते चौथीच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. निकोलस निग्रोपोंटे यांनी मांडलेल्या या कल्पनेतला हिरवा-पांढरा लॅपटॉप वीसेक मुलांच्या हाती पडला. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचे तास मोजत दिवस काढावे लागत. तिथे लॅपटॉप द्यायचा तर त्याने वीज कंजुषाने पैसा वापरावा तशीच वापरायला हवी.

म्हणून ‘एक्सओ’ नावाच्या या यंत्राची रचनाच झोपेभोवती केली होती. पान वाचत असताना, दोन कळा दाबण्याच्या मधल्या वेळातसुद्धा त्याच्या प्रोसेसरने झोपावे आणि बोट लागताच सेकंदाच्या काही अंशात उठावे, अशी अपेक्षा होती. प्रोसेसर झोपला तरी पडद्यावरचे चित्र टिकवून धरणारी स्वतंत्र चिप त्यात होती. साधा लॅपटॉप दिवसातून चार-पाचदा झोपतो; हे यंत्र शेकडो वेळा झोपावे अशी कल्पना. शंभरात एकदा चुकणारा ड्रायव्हर इतरत्र खपून जातो, इथे तो रोज चुकणार. पहिल्या एक्सओमध्ये १ गिगाबाइटची अंतर्गत साठवण होती आणि जादा जागेसाठी पडद्याखाली एसडी कार्डाची खाच होती. २००९ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या आवृत्तीत तर मुख्य साठवणच आत बसवलेल्या मायक्रोएसडी कार्डावर आली. म्हणजे संगणकाची सगळी यंत्रणा कार्डावर! झोपताना कार्ड काढल्याचे समजायचे तर ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्यासारखे. त्याच आवृत्तीत वाय-फायही एसडीच्या भाऊबंद मार्गिकेवर होते. त्याला झोपेतही वीज चालू ठेवायची, तर कार्डाला निराळी वागणूक द्यायची.

या उपक्रमात सॉफ्टवेअरचे काम पाहणारे ख्रिस बॉल यांनी २०१० मध्ये लिनक्समधल्या एसडी कार्डांच्या ड्रायव्हरची जबाबदारी स्वीकारली, हा योगायोग म्हणता येणार नाही. ज्याच्या यंत्राला हा दोष सर्वाधिक बोचत होता त्यानेच तो निस्तरायला घेतला. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ हे स्वप्न कितपत साधले यावर मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत. पण आज लिनक्सवर चालणारी कितीतरी यंत्रे कार्डासह नीट झोपतात आणि उठतात, त्यात गरीब मुलांच्या त्या स्वस्त यंत्रासाठी केलेल्या खटपटीचा वाटा आहे. तो सहसा कुठे सांगितला जात नाही, म्हणून इथे एवढा विस्तार.

पुढच्या काळात तो ‘असुरक्षित’ पर्याय गाभ्यातून गेला आणि त्यातली भूमिकाच नेहमीची झाली. कार्ड खाचेत आहे असे धरायचे, उठल्यावर ओळख पडताळायची आणि ओळख जुळली नाही तरच ते हटवायचे. २०१३-१४ च्या सुमारास आणखी एक सुधारणा झाली. कार्डाला संगणकाबरोबर लगोलग न उठवता, त्याची पहिली गरज पडेल तेव्हा उठवायचे. त्यामुळे पडदा उजळण्यासाठी कार्डाच्या तयारीची वाट पाहावी लागत नाही. मोबाइल आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये पटावरच डाखलेल्या ईएमएमसी चिपांचा प्रश्न त्या मानाने सुटसुटीत. त्या काढताच येत नाहीत, त्यामुळे अदलाबदलीची शंका नाही, आणि ‘आता झोप’ असे सांगणारी आज्ञाही त्यांना असते. काढघाल होणाऱ्या कार्डाचा मूळ पेच मात्र तसाच आहे. ओळख तीच, मजकूर बदललेला, हे ड्रायव्हरला आजही त्या १२८ बिटांवरून कळू शकत नाही.

ड्रायव्हर भरवशाचा आहे हे ठरवायचे कसे? एकदा झाकण मिटून उघडले आणि चालले, याला काही अर्थ नाही. जाणकार मंडळी संगणकाच्या घड्याळाला गजर लावून त्याला आपोआप झोपवतात आणि उठवतात. लिनक्समध्ये त्यासाठी ‘आरटीसीवेक’ नावाचे साधन आहे. रात्रभर शेकडो फेऱ्या चालतात. प्रत्येक फेरीनंतर कार्डावरची एक मोठी फाइल वाचून तिची बेरीज जुळते का ते पाहतात. मग आडवळणाच्या वेळा तपासतात: फाइल लिहिली जात असतानाच झोप, झोपेत कार्ड काढले, झोपेत दुसरे घातले, उठता उठता काढले. झोप अर्ध्यावर थांबवण्याची सोयही गाभ्यात आहे. प्रोग्रॅम गोठवण्यापर्यंतच जाऊन परत यायचे किंवा उपकरणे झोपवण्यापर्यंत जायचे, म्हणजे चूक कोणत्या पायरीवर आहे ते हुडकता येते. दोष शोधण्याचे खरे कष्ट इथेच लागतात, कारण दोनशेत एकदा घडणारी चूक पाहायलाच दोनशे फेऱ्यांचा धीर हवा.

सामान्य वापरणाऱ्याला यातले काही करण्याची गरज नाही. छायाचित्रे उतरवून झाली की कार्ड सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊन मगच झाकण मिटावे. तसे केले की संगणक आपल्याकडची सूची कार्डावर पक्की करून विसरून जातो आणि जुन्या आठवणींचा प्रश्नच उरत नाही. तेवढा वेळ नसेल तर निदान झोपलेल्या लॅपटॉपमधून कार्ड काढू नये. काढलेच तर झाकण उघडून संगणकाला कार्ड गेल्याचे एकदा कळू द्यावे आणि मगच ते पुन्हा घालावे. जागे झाल्यावर कार्ड दिसत नसेल तर ते काढून काही सेकंदांनी घालावे. वीज पूर्ण ओसरण्याची अटच त्यातून पुरी होते. आणि ‘कार्ड फॉरमॅट करू का?’ असे संगणक विचारू लागला तर तूर्त नकार द्यावा. तेच कार्ड दुसऱ्या संगणकावर किंवा कॅमेऱ्यात घालून पाहिले की सगळी छायाचित्रे जागच्या जागी सापडण्याची शक्यता बरीच असते.